एकाच नंबरचे दोन गेट पास

भिवंडीत मी सॉफ्टवेअर करते असं सांगितलं की समोरचा हमखास विचारायचा, "म्हणजे लूमचं काही?" सुरुवातीला मी समजावून सांगायचे. पुढे पुढे "हो, तसंच काहीतरी" म्हणून सोडून द्यायला लागले. वीस वर्षं मी हा धंदा केला, बंद करूनही आता बरीच वर्षं झाली, पण मी नक्की काय करत होते ते माझ्या घरच्यांनाही धड सांगता येत नाही. तेव्हा आधी ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

माझं ऑफिस कल्याण रोडला एका रंगाच्या दुकानाच्या माळ्यावर होतं. दोन टेबलं, दोन कॉम्प्युटर आणि शकीलभाई. शकीलभाई माझे पार्टनर. मशीन जोडायचं काम त्यांचं, प्रोग्राम लिहायचं माझं. आमचा माल म्हणाल तर एकच: गोडाऊनमध्ये काय आलं, काय गेलं याची नोंद ठेवायची आणि गाडी बाहेर पडताना गेट पास छापायचा, असा प्रोग्राम. दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत राहनाळ-दापोड्याच्या पट्ट्यात भाताच्या खाचरांवर भराव पडून पत्र्याची गोडाऊनं भराभर उभी राहत होती. गेट पास प्रत्येकालाच लागायचा, त्यामुळे गिऱ्हाईक शोधत हिंडावं लागलं नाही.

त्रास होता तो मशीनचा. एकासारखं दुसरं नाही. कुणाकडे विंडोज, तेही कुठल्या जमान्यातलं ते उघडल्यावर कळायचं. कुणाकडे शकीलभाईंनी फुकटच्या सीडीवरून टाकलेलं लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी सिस्टीम. दापोड्याच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या मशीनची आतली बॅटरी मेली होती, त्यामुळे ते रोज सकाळी एकोणीसशे ऐंशी सालात जागं व्हायचं. मालक म्हणायचे, "मॅडम, इसको रोज बताना पडता है के बेटा, जमाना बदल गया." एकदा सांगायचं राहिलं आणि ड्रायव्हर ऐंशी सालचा पास घेऊन नाक्यावर अडकला, तेव्हा शिव्या मात्र मला पडल्या.

आता यात प्रोग्राम लिहिणाऱ्याला काय छळवाद, असं वाटेल. तर प्रोग्राम सगळी कामं स्वतः करत नाही. फाइल उघड, तारीख सांग, प्रिंटरला पाठव, अशी शेकडो कामं मशीनमध्ये आधीच तयार असतात. प्रोग्रामने त्यांचं नाव घेऊन हाक मारायची. पण एका मशीनवर ते नाव असतं, दुसऱ्यावर नसतं, आणि तिसऱ्यावर असतं पण काम थोडं निराळंच करतं. परक्या घरी स्वयंपाकाला उभी राहिलेली बाई आधी डबे उघडून बघते, तसं आम्हाला नव्या मशीनवर प्रोग्राम बसवण्याआधी बघावं लागायचं.

ते बघण्यासाठी मी एक स्क्रिप्ट लिहिली होती. तिच्यात बेचाळीस प्रश्न होते. प्रत्येक प्रश्नासाठी ती चार ओळींचा एक छोटा प्रोग्राम लिहायची, तो त्या मशीनवर बनतो का ते बघायची, बनला तर पडद्यावर "आहे", नाही बनला तर "नाही". सगळी उत्तरं गोळा झाली की त्याप्रमाणे माझा मोठा प्रोग्राम स्वतःला बेतून घ्यायचा. जे आहे ते वापरायचं, जे नाही त्याच्या जागी काहीतरी दुसरी सोय. मशीन कुठलं, कुणी विकलं, कागदावर काय लिहिलंय, यावर भरवसा ठेवायचा नाही, प्रत्येक गोष्ट करून बघायची. मला या स्क्रिप्टचा भारी अभिमान होता. मोठ्या जगात यासाठी तयार साधनं होती, ती मला माहीतही होती. पण मला स्वतःच्या हातचंच आवडायचं. खोड म्हणा हवं तर.

राहनाळला नानांचं गोडाऊन होतं. नाना म्हणजे तिथलेच, जमीन वाडवडिलांची, कंबरेएवढ्या चिखलात लावणी केलेला माणूस. आता त्याच जमिनीवर पत्र्याचे तीन गाळे घालून खुर्चीत बसलेले. एका पंख्यांच्या कंपनीचा माल त्यांच्याकडे असायचा. गेटवरच्या कॉम्प्युटरवर जयरामभाऊ होते. अंबाडीच्या पुढे आत एका पाड्यावर त्यांचं घर, सकाळच्या पहिल्या एसटीने यायचे. नानांकडे आधी हमाल म्हणून आले. दहावीपर्यंत शिकलेले, अक्षर बरं, म्हणून नानांनी त्यांना गेटवर बसवलं. मी प्रोग्राम शिकवायला गेले तेव्हा त्यांनी दोन बोटांनी टाइप करत चार दिवसांत सगळं उचललं. त्यांच्या पाड्यावरचा खुर्चीत बसून ड्युटी करणारा तो पहिला माणूस, हे मला नानांनी सांगितलं, जयरामभाऊंनी नाही.

त्या गोडाऊनमध्ये प्रोग्राम बसवायला गेले तो दिवस मला आठवतो, कारण माझं डोकं फिरलं होतं. लोडशेडिंगचे दिवस, आणि त्या दिवशी तर ठरलेल्या वेळेबाहेरही लाईट ये-जा करत होती. लिनक्सचं जुनं, संथ मशीन, बेचाळीस प्रश्नांना अर्धा तास लागायचा. तिसाव्या प्रश्नाला लाईट गेली. आली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, विसाव्याला गेली. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी नानांच्या पुतण्याने टेम्पोला लावली होती. दुसऱ्यांदा लाईट आली तेव्हा मी विचार केला, उत्तरांची फाइल माझ्याकडे फ्लॉपीवर आहे की. माझ्या ऑफिसच्या मशीनवर स्क्रिप्ट चालवून मिळालेली. तीच दिली. म्हटलं, जिथे खटकेल तिथे दुरुस्त करू.

दोन-तीन ठिकाणी खटकलं. फाइलमध्ये "आहे" लिहिलेलं आणि या मशीनवर ते नव्हतं, तिथे प्रोग्राम बनताना लगेच बोंब झाली. मी हाताने बदललं. प्रोग्राम बनला, पास छापला, नानांनी चहा पाजला, मी घरी आले. उलट्या बाजूचा विचारच केला नाही. चुकीचं "आहे" ओरडून सांगतं. चुकीचं "नाही" गप्प बसतं. मशीनमध्ये सोय असते, प्रोग्राम ती मागतच नाही, आणि सगळं छान चाललंय असं दिसतं. हे मला तेव्हा कळायला हवं होतं, कारण हाच माझा धंदा होता.

पुढचं वर्षभर तक्रार नाही. मग कंपनीचा एक साहेब माल मोजायला आला आणि पंख्यांचे खोके कमी भरले. कॉम्प्युटरवर जास्त, गाळ्यात कमी. चार गाड्यांचा फरक. साहेबाने ट्रान्सपोर्टकडून पासच्या प्रती मागवल्या, तेव्हा चारशे सतरा नंबरचा पास दोन गाड्यांकडे निघाला. एक कॉम्प्युटरवर होता. दुसरा छापलेला होता, माल घेऊन गेलेला होता, पण कॉम्प्युटरवर त्याचा मागमूस नाही. असेच आणखी तीन नंबर. आमच्या धंद्यात याचा अर्थ एकच घेतात: गाडी काढली, नोंद पुसली, तोच नंबर पुन्हा वापरला. नोंद पुसायचा पासवर्ड नाना सोडले तर एकाच माणसाकडे होता.

मला बोलावणं आलं. नानांच्या केबिनमध्ये नाना, साहेब, भिंतीला टेकून उभे जयरामभाऊ आणि दाराशी सगळे हमाल. साहेब पोलिसांत द्या म्हणत होता. नाना अस्वस्थ होते. मला म्हणाले, "बाय, तूच सांग. तुजा कॉम्प्युटर एन्ट्री खातो का कदी?"

मी म्हटलं, "नाना, नोंद जपून ठेवल्याशिवाय माझा प्रोग्राम पास छापतच नाही. पास छापलाय म्हणजे नोंद होती. होती ती आता नसेल तर कुणीतरी काढली आहे."

जयरामभाऊ म्हणाले, "मॅडम, मी न्हाय काढली. लाईट गेली का एन्ट्री जाते. दोन येळा मी बघितलंय. पास ड्रायव्हरच्या हातात, नि लाईट आल्यावर बघतो तं शेवटची एन्ट्री न्हाय."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं माझीच चुकी. मी परत मारली. बाकीच्या येळी ध्यानात नसंल आलं."

हे त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं. माझं काय झालं सांगू, मला राग आला. माझ्या प्रोग्रामवर शिंतोडा. लाईट जाणार हे धरूनच मी तो लिहिला होता. भिवंडीत राहून मला लाईट जाण्याचं कौतुक कोण सांगणार. ऑफिसच्या मशीनचा प्लग मी स्वतः दहा वेळा खेचून बघितला होता, एकही नोंद गेली नव्हती. ते सगळं मी साहेबाला ठासून सांगितलं. साहेब म्हणाला, लिहून द्याल? मी तिथेच बसून लिहून दिलं, खाली सही केली.

नानांनी पोलिसांत दिलं नाही. अकरा वर्षं माणूस माझ्याकडे आहे, असं साहेबाला म्हणाले, आणि जयरामभाऊंना म्हणाले, उद्यापासून येऊ नको. जयरामभाऊंनी खिशातून गेटच्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी शकीलभाईंना येऊन सगळं सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आदमी तो सीधा लगता था." मी म्हटलं, सगळे सीधेच दिसतात.

तीन-चार महिन्यांनी दापोड्याला नवीन गिऱ्हाईक मिळालं. शकीलभाईंनी मशीन जोडलं, लिनक्स टाकलं. राहनाळसारखंच फ्लॉपीवरच्या उत्तरांवर भागवणार होते, पण ती मशीनला वाचता येईना, बुरशी आली होती. म्हटलं जाऊ दे, स्क्रिप्ट चालवू, आज लाईट आहे. शकीलभाई स्टुलावर बसून एकेक ओळ वाचत होते, त्यांना तो खेळच वाटायचा. एकविसाव्या प्रश्नाला म्हणाले, "एफसिंक, आहे."

हा एफसिंक म्हणजे काय ते सांगते. आपण कॉम्प्युटरला सांगतो, हे लिहून ठेव. तो "ठेवलं" म्हणतो, पण खरं तर ते काही वेळ नुसतं त्याच्या डोक्यात असतं. डिस्कवर तो ते सवडीने, एकदम उतरवतो. मधल्या अर्ध्या मिनिटात लाईट गेली की डोक्यातलं गेलं. एफसिंक ही त्याला "आत्ताच्या आत्ता डिस्कवर उतरव, तोवर मी थांबते" असं सांगायची सोय. माझ्या ऑफिसच्या विंडोजवर त्या नावाची सोय नव्हती, म्हणून माझ्या फाइलमध्ये उत्तर "नाही" होतं. विंडोजवर त्याच कामाला दुसरं नाव आहे, ते प्रोग्रामात मी वेगळं घातलेलं होतं, म्हणून तिथे प्लग खेचून काही बिघडलं नाही.

मी शकीलभाईंना विचारलं, "ही सीडी कुठली?"

"वही. राहनाळ में जो डाली थी."

राहनाळच्या मशीनवर ही सोय पहिल्या दिवसापासून होती. मी त्या मशीनला विचारलंच नव्हतं, माझ्याच मशीनचं उत्तर त्याच्या तोंडात घातलं होतं. विंडोजसाठी जे लिहिलं ते लिनक्सवर लागू नाही, आणि एफसिंक "नाही", म्हणजे राहनाळला नोंद डिस्कवर उतरवायची कुणी घाईच करत नव्हतं. मी ज्यांना जड म्हणून नाकं मुरडायचे ती मोठी साधनं दुसऱ्या जातीच्या मशीनची फाइल दिली असती तर बहुधा कुरकुरली तरी असती. माझी स्क्रिप्ट मी दिलं ते मुकाट्याने गिळायची.

आणि चारच गाड्या का, तेही उमगलं. लोडशेडिंगची वेळ ठरलेली, दुपारी दोन. लाईट गेली की प्रिंटर बंद, प्रिंटर बंद की गाडी संध्याकाळपर्यंत अडकली. म्हणून दोनला पाच मिनिटं कमी असताना गेटवर ड्रायव्हरांची झुंबड उडायची, "भाई, बत्ती जाने से पहले निकाल दे." दुपारचा शेवटचा पास नेहमी लाईट जाता जाता छापलेला असायचा. बहुतेक वेळा तो वाचायचा. कधी एखादा नाही.

मी रिक्षा करून तडक राहनाळला गेले. गेटवर आता नानांचा पुतण्या बसत होता. त्याला उठवलं, एक खोटी नोंद केली, पास छापला आणि प्लग खेचला. पुन्हा चालू केलं. नोंद नव्हती, आणि पुढच्या पासाला कॉम्प्युटर तोच नंबर देत होता. पुन्हा केलं, तेच झालं. मी तिथेच बसून राहिले. पुतण्या म्हणाला, "ताई, पाणी आणू?" मी नको म्हटलं.

नानांना सांगितलं. नाना म्हणाले, "म्हंजे त्याने काय केला न्हाय." मी म्हटलं, काही केलं नाही. "नि आपन त्याला चोर केला." त्यांनी आपण म्हटलं, ते मला लागलं, कारण लिहून मी दिलं होतं. साहेबाला त्याच दिवशी मी दुसरं पत्र लिहिलं, आधीचं चूक आहे, दोष माझ्या प्रोग्रामचा आहे. त्याचं उत्तर कधी आलं नाही. प्रोग्राम मी तासाभरात दुरुस्त केला.

दुसऱ्या दिवशी अंबाडीला जाऊन, तिथून जीप बदलून पाड्यावर गेले. शकीलभाई म्हणाले मी येतो, मी म्हटलं नको. जयरामभाऊ घरी नव्हते, कुणाच्या तरी शेतात भात झोडायला गेले होते. त्यांच्या बायकोने मला ओळखलं नाही. मी राहनाळहून आले म्हटल्यावर तिचा चेहरा बदलला. "आता काय ऱ्हायलं?" म्हणाली. अंगणात खाट होती, ती काही तिने पुढे केली नाही. मी उभी राहिले.

तासाभराने जयरामभाऊ आले, अंगाला सगळा पेंढा. मी उभ्या उभ्याच सांगितलं. मशीन, फाइल, एफसिंक, सगळं. सांगताना माझ्या लक्षात आलं की मी पुन्हा कॉम्प्युटरबद्दलच बोलतेय, म्हणून थांबले आणि म्हटलं, "जयरामभाऊ, तुमचं खरं होतं. माझं खोटं निघालं. माफ करा मला."

ते खाली बघत होते. मग म्हणाले, "हितं सांगून काय व्हनार, मॅडम? हितं कोन मला चोर म्हनत न्हाय. तिकडं म्हनतात."

ते रास्तच होतं. शनिवारी ते राहनाळला आले. आम्ही दुपारी दोनची वेळ धरली होती, लाईट गेली की कामं थांबतात आणि सगळे हमाल सावलीला येऊन बसतात. नानांनी सगळ्यांना केबिनच्या पुढ्यात बोलावलं. चाळीसेक माणसं असतील, निम्मे इकडचे, निम्मे उत्तरेकडचे. मी आधी मराठीत सांगितलं, मग माझ्या मोडक्या हिंदीत. "जयरामभाऊने एक भी एन्ट्री नहीं निकाली. गलती मेरी थी. मैंने लिखके दिया वो झूठ था." चार लोकांसमोर स्वतःची चूक सांगायची वेळ माझ्यावर तोवर कधी आली नव्हती, त्यामुळे मला ते नीट जमलंही नाही. मागचा एक म्हातारा हमाल म्हणाला, "हम तो पहले से जानते थे."

नाना जयरामभाऊंना म्हणाले, "सोमवारपासून ये. तुजी खुर्ची हाय तितंच हाय."

"येतो, नाना." मग माझ्याकडे वळले. किल्ल्या ठेवल्या त्या दिवसानंतर त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा सरळ बघितलं ते तेव्हा. "मॅडम, येक इचारू? त्या दिशी मी बोललो, लाईट गेली का एन्ट्री जाते. ते मशीन तितंच व्हतं, भाइर गेटवर. प्लग काढून बघायला किती टाइम लागला असता?"

मला काहीतरी बोलायचं होतं. त्या दिवशी साहेब होता, गडबड होती, ऑफिसच्या मशीनवर मी दहा वेळा बघितलं होतं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"पाच मिनिटं," मी म्हटलं.